एकोणपन्नास नंबरचा डबा

मस्कतहून नणंदेनं पाठवलेली बाटली
दोन वर्षं फळीवर उभी होती,
तुरटीच्या बरणीशेजारी.
जैतुनाचं तेल. हिरवट, जरा कडसर.
सासूबाई म्हणायच्या,
"गुडघ्यालेच बरं हाये व ते, खायाचं काय त्यात?"
आणि खरंच, गुडघ्यांनी अर्धी बाटली संपवली.

उरलेल्या अर्ध्यात माझा जीव अडकला.

केळी आमच्याकडे चालत येतात.
मी तांदलवाडीच्या पॅकिंगला,
फण्या धुण्याच्या हौदावर उभी.
लांबी कमी, बाद. वाक जास्त, बाद.
सालीवर मुंगीएवढा डाग, बाद.
इराणला जाणाऱ्या केळ्याला
पासपोर्टातल्या फोटोसारखं
सरळ बघावं लागतं.
माझ्या पिशवीत येतात ती उरलेली,
वाकडी, हसरी, चट्ट्याचट्ट्यांची.

रविवारी मैदा चाळला, त्यात मूठभर रवा,
कारण नुसत्या मैद्यावर माझा विश्वास नाही.
दही घुसळलं, पिठीसाखर, चिमूटभर सोडा, वेलदोडा,
आणि तेल ओतलं, वाटीभर.
उंबऱ्यात सासूबाई गुडघे धरून बघत होत्या
आपलं औषध पिठात जिरताना.
डब्याच्या तळाशी गूळ वितळवला,
त्यावर केळ्याचे लांब काप,
एकाला एक खेटून,
रात्रीच्या ट्रकमध्ये हमालांची पोरं झोपतात तसे.
वरून पीठ.
कोणाला दिसणार नाही खाली काय झोपलंय.

भट्टी फैजपूरला, इश्तियाकभाईंची.
दिवाळी आठवड्यावर,
नानकटाईवाल्यांची रांग पार रस्त्यापर्यंत.
साऱ्या बायका तुपात, मी एकटी तेलात.
त्यांनी झाकण उचलून वास घेतला,
"यात तूप नाही," म्हणाले,
घरात कोणी नाही म्हणावं तसं.
खडूनं नंबर टाकला: ४९.

संध्याकाळी डबा उघडला तर
नानकटाया. चाळीस. मधोमध एकेक चारोळी.
उत्तम होत्या. मला रडू आलं.
डबे घरोघरी एकाच मापाचे,
आणि खडूतला एक नि नऊ
जरा पुसला की ओळखू येत नाही.
एक्केचाळीस नंबरवालीच्या घरी
आता माझा रविवार कापला जात असणार.

तिसऱ्या दिवशी दारात हंबर्डीच्या नूरजाबी तडवी.
हातात माझा डबा, घासून लख्ख,
रिकामा देऊ नये म्हणून आत चार सीताफळं.
"पोरायनं खाल्लं व बाई,
मले काय माहीत कोनाचं हाये."
त्यांच्या नानकटाया मी तशाच ठेवल्या होत्या,
चाळीसातल्या एकोणचाळीस.
एक कोणी खाल्ली ते सांगत नाही,
सासूबाईंच्या पदरावर चुरा होता.

मी विचारलं, उलटा केला होता का?
"उलटा?"
म्हणजे ताटात पालथा. केळं वर यावं म्हणून.
त्या बघतच राहिल्या,
मग हसू लागल्या, दाराची चौकट धरून.

डब्यातूनच खाल्ला होता त्यांनी, चमच्यानं, वरवरून.
कोरडा, जरा कडसर.
मोठी पोरं म्हणाली, बरा आहे,
आणि उठून गेली.
मग धाकटीनं,
जिच्या वाट्याला नेहमी खरवड येते,
तळाशी चमचा घातला
आणि अशी ओरडली
की शेजारची माणसं धावत आली.

तिचं नाव विचारायचं राहिलं.

आतून सासूबाई म्हणाल्या,
"तेल किती राह्यलं व?"
मी बाटली उजेडात धरली.
बोटभर.
त्यांनी गुडघा चोळला, जरा थांबल्या.
"राहू दे मंग," म्हणाल्या,
"केळं पिकाले लागले हायेत."